माझे बहात्तर टक्के

बँकेत काउंटरवर वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड जडते. समोरच्याने काहीही सांगितलं तरी तो आधी आकडा विचारतो. परवा एक गृहस्थ हसतमुखाने म्हणाले, "मुलीचं लग्न ठरलं बरं का!" आणि 'वा, अभिनंदन' म्हणायचं सोडून मी "किती काढायचेत?" असं विचारून बसलो. गृहस्थ हिरमुसले, पण पैसे काढायलाच आले होते, त्यामुळे प्रकरण वाढलं नाही.

ही खोड आमच्या धंद्यापुरतीच आहे अशी माझी समजूत होती. पण दहावीचा निकाल लागला की लक्षात येतं, अख्खं मुलुंड पूर्व काउंटरवर बसलेलं आहे. इस्त्रीवाला, दूधवाला, जिन्यात भेटणारे सोसायटीचे सेक्रेटरी, स्टेशनबाहेर कोथिंबीर विकणारी मावशी, आणि एरवी वर्षभर आपल्याकडे ढुंकूनही न बघणारे चौथ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर, प्रत्येक जण एका शब्दात विचारतो, "किती?" कर्ता नाही, कर्म नाही, क्रियापद नाही. एवढं आटोपशीर वाक्य मराठीत दुसरं नसेल. आणि एवढं लागणारंही नसेल.

आता थोडं माझ्याविषयी. मी बी.कॉम. आहे. माझी दहावी १९९६ सालची, भांडुपची. आणि मला दहावीला बहात्तर टक्के होते. म्हणजे, आमच्या घरात गेली कित्येक वर्षं तसं मानण्यात येत होतं.

हे बहात्तर टक्के मी फार जपून वापरले असं म्हणता यायचं नाही. चिरंजीवांनी मोबाइल हातात घेतला की मी बहात्तर टक्के बाहेर काढत असे. चिरंजीव क्रिकेट खेळून सात वाजता घरी आले की बहात्तर टक्के. चाचणीत विज्ञानाला वीसपैकी अकरा पडले की बहात्तर टक्के. "आम्ही भांडुपच्या चाळीत, एका खोलीत सहा माणसं, वर शेजारच्यांचा रेडिओ, अशात अभ्यास करून बहात्तर टक्के मिळवले. आणि तेव्हाचे बहात्तर!" यातल्या 'तेव्हाचे' या शब्दावर मी असा काही जोर देत असे, की जुन्या चांदीच्या रुपयाची आणि हल्लीच्या नाण्याची तुलना चालली आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं.

तसं पाहिलं तर त्यात अर्थशास्त्र होतं. वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून मी या गोष्टीचा थोडा विचार केला आहे. १९९६ च्या सुमाराला बँका मुदत ठेवीवर बारा टक्के व्याज देत होत्या आणि पोरांना साठ टक्के मार्क पडले तर चाळीत पेढे वाटले जात. आज बँका सहा-सात टक्क्यांवर आल्या आणि पोरं पंच्याण्णववर गेली. व्याज खाली, मार्क वर. एखाद्या अर्थतज्ज्ञाने या व्यस्त प्रमाणावर प्रबंध लिहायला हरकत नाही. आम्हा बँकवाल्यांना निदान महागाई भत्ता तरी मिळतो. जुन्या मार्कांना तशी काही सोय नाही. १९९६ चे बहात्तर आज बाजारात न्यावेत तर लोक वजन करून रद्दीच्या भावात घेतील. म्हणून त्यांना 'तेव्हाचे' हा भत्ता मी घरच्या घरी सुरू केला होता.

आणि आमच्या राज्य मंडळाचे निकाल पाहिले तर शेअर बाजारसुद्धा शांत वाटावा. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्याच वर्षी, २०१९ ला, एकदम ७७.१०. त्या वर्षी भाषांसारख्या विषयांतले शाळेच्या हातचे वीस मार्क बंद केले होते. आधीच्या वर्षापर्यंत ऐंशी मार्कांचा पेपर बोर्डाचा आणि वीस मार्क शाळेचे, आणि शाळा आपल्या मुलांना कमी कशाला देईल? आई वाढते तशा हाताने शाळा मार्क वाढत असे. ते ताट काढून घेतल्याबरोबर बारा टक्के मुलं खाली आली. मग ओरड झाली, वीस मार्क परत आले आणि २०२० ला निकाल ९५.३०! २०२१ ला तर करोनामुळे परीक्षाच झाली नाही, आणि त्या वर्षीचा निकाल लागला ९९.९५ टक्के. परीक्षा घेतली नाही तर निकाल उत्तम लागतो, हे मी शाळेत असताना आमच्या मुख्याध्यापकांना किती वेळा सुचवावंसं वाटलं होतं!

अकरावीच्या प्रवेशाचीही तीच तऱ्हा. या बोर्डाची मुलं आणि त्या बोर्डाची मुलं एका तराजूत कशी घालायची, या विवंचनेत सरकारने २००८ साली पर्सेंटाइलचं सूत्र काढलं. ते हायकोर्टात उडालं. २००९ साली नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना आणि दहा टक्के इतरांना असा कोटा काढला. तोही उडाला. २०१० साली 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं, म्हणजे सहातला सगळ्यात पडका विषय सोडून द्यायचा आणि उरलेल्या पाचांवर टक्के काढायचे. ते हायकोर्टात नापास झालं आणि सुप्रीम कोर्टात पास झालं. ऑक्टोबरला बसून सुटलं म्हणा ना.

हे 'बेस्ट ऑफ फाइव्ह' पुढे येणार आहे, म्हणून सांगून ठेवलं.

तर, २०२५ साली चिरंजीव दहावीला बसले. त्या वर्षभरात घरात काय काय झालं ते सांगत नाही. ज्यांच्या घरात दहावी होऊन गेली आहे त्यांना माहीत आहे आणि ज्यांच्या घरात व्हायची आहे त्यांना आताच घाबरवून उपयोग नाही. केबल बंद झाली, गणपतीला गावी जाणं बंद झालं, सौ.ने मोठ्याने बोलणं बंद केलं (हा एकच फायदा), आणि क्रिकेटचं किट पलंगाखाली गेलं. उन्हाळ्यात एका क्रिकेट शिबिरात त्याची निवड झाली होती. पंधराच दिवसांचं शिबिर होतं. मी नाही म्हटलं. कारण सांगताना मी काय बाहेर काढलं असेल ते आपण ओळखलंच असेल.

१३ मे २०२५, मंगळवार. निकाल दुपारी एक वाजता संकेतस्थळावर. मी रजा टाकली नव्हती. रजा टाकून घरी बसलो तर सौ. दर पाच मिनिटांनी "अजून नाही का लागला?" असं विचारणार, आणि तो मीच लांबवला आहे असं तिला वाटणार. त्यापेक्षा काउंटर बरा.

एक वाजायला पाच मिनिटं असताना मी खिशातून मोबाइल काढला. रांगेत सात माणसं. पहिल्याच आजी, ठेवीची पावती नूतनीकरणाला घेऊन आलेल्या. मी ओशाळून म्हटलं, "आजी, पाच मिनिटं... मुलाचा दहावीचा..." झालं! आजींनी मागे वळून सबंध रांगेला जाहीर केलं, "साहेबांच्या मुलाचा निकाल आहे!" ही रांग म्हणजे दोन मिनिटं प्रिंटर अडला तर शाखाधिकाऱ्यांच्या केबिनपर्यंत जाणारी रांग. पण दहावी म्हटल्यावर सगळे एकदम मऊ झाले. एक जण म्हणाले, "बघा हो, बघा. आमचं पासबुक कुठे पळतंय!" मागचे एक गुजराती शेठ पुढे सरकून माझ्या मोबाइलमध्ये डोकावू लागले.

संकेतस्थळ दोन गोष्टी मागतं. बैठक क्रमांक आणि आईचं नाव. बापाचं नाव मागत नाही. इतकी वर्षं शाळेच्या फीच्या पावत्यांवर, पालक सभेच्या नोटिशींवर, क्लासच्या चेकवर बापाची सही चालते, पण निकालाच्या दाराशी गेलं की दरवान विचारतो, "आईचं नाव?" बोर्डाला खरा अभ्यास कोणी केला ते ठाऊक असतं.

आता आमच्या सौ.चं नाव ज्योत्स्ना. मराठीत हे नाव लिहितानाच निम्मी माणसं घसरतात. इंग्रजीत तर हे नाव म्हणजे कोकण रेल्वेचा मार्ग, कुठे वळण आणि कुठे बोगदा काही सांगता येत नाही. आधार कार्डावर तिचं नाव एका प्रकारे आहे, माझ्या बँकेतल्या खात्यावर दुसऱ्या, आणि शाळेत कोणत्या प्रकारे घातलं आहे हे फक्त त्या शाळेच्या कारकुनाला माहीत. मी एक स्पेलिंग टाकलं. नोंद सापडत नाही. 'ओ'च्या आधीचा 'वाय' काढला. सापडत नाही. शेवटच्या 'एन'च्या आधी एक 'ए' घुसवला. सापडत नाही. नावात एका अक्षराचा फरक आहे म्हणून मी आजवर जितक्या लोकांचे अर्ज परत केले होते, ते सगळे त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोरून गेले. त्यातले दोघे तर रांगेतच उभे होते.

चौथ्या खेपेला पान उघडलं.

"केटला आव्या?" शेठनी विचारलं. किती हा प्रश्न सगळ्या भाषांत एवढाच आटोपशीर असतो.

पाचशेपैकी तीनशे अठ्ठावन्न. एकाहत्तर पूर्णांक साठ.

"पास, पास!" आजींनी जाहीर केलं आणि रांगेने माफक आनंद व्यक्त केला. एका गृहस्थांनी माझा हात हातात घेऊन "आजकाल फर्स्ट क्लाससुद्धा काही कमी नसतो" असं सांगितलं, ते साधारण दहाव्याला बोलावं त्या आवाजात. मी आजींची पावती नूतनीकरणाला घेतली आणि तिच्यावर व्याजाचा दर ७१.६० असा टाकला. आजींनीच तो दुरुस्त करवून घेतला. तसं पाहिलं तर त्यांनी गप्प बसायला हवं होतं.

माझ्या शेजारी बसणाऱ्या कॅशियरच्या मुलीला चौऱ्याण्णव होते. तो बिचारा दोन तास मला सांगेना. शेवटी पेढा पुढे करताना म्हणाला, "तिच्या आईने आणायला लावले रे." पेढ्याबद्दल माफी मागणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

घरी पोचलो तर अण्णा, म्हणजे माझे वडील, टीव्हीसमोर होते. अण्णांचं मूळ गाव कुडाळकडचं. चाळीस वर्षं त्यांनी भांडुपला एल.बी.एस. मार्गावरच्या कारखान्यात फिटरचं काम केलं. आता तिथे टॉवर झाला आहे. दरवर्षी निकालाच्या दिवशी त्यांचा एकच कार्यक्रम असतो. कोकण विभाग पहिला आला हे बातमीत ऐकायचं आणि तो विभाग आपणच चालवतो अशा चेहऱ्याने बसायचं. हा विभाग वेगळा झाल्यापासून त्यांची ही हौस कधी वाया गेलेली नाही. त्या दिवशीही कोकण ९८.८२, मुंबई ९५.८४. कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे दोनच जिल्हे, आणि मुंबई विभागात मुंबई, उपनगरं, ठाणे, पालघर, रायगड एवढा पसारा, हे मी त्यांना दरवर्षी सांगतो. ते दरवर्षी ऐकण्याचं यंत्र काढून ठेवतात.

"बघ, आमचो कोकण!" अण्णा म्हणाले. मग माझा चेहरा पाहून आवाज उतरवून म्हणाले, "पोरगो गॅलरीत आसा. सकाळपासून जेवूक नाय."

सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर तोपर्यंत पाऊस पडत होता. दुसरा मजला ९१.२०. ए विंग ९६. तळमजल्यावरच्या वहिनींनी मुलीचा फोटो, मार्कशीट, आणि मार्कशीट हातात घेतलेल्या मुलीचा फोटो असे तीन वेगवेगळे पाठवले होते. टीव्हीवर सांगत होते, राज्यात २११ मुलांना शंभरपैकी शंभर टक्के. खेळाचे, चित्रकलेचे, नृत्याचे वाढीव मार्क मिळतात ते धरून. यातली निम्म्याहून जास्त मुलं एकट्या लातूर विभागातली. आणि बरोब्बर पस्तीस टक्के मिळालेली मुलं २८५. मला त्या पस्तीसवाल्यांबद्दल फार आदर वाटला. शंभर काय, कोणीही वर वर जात राहिला की कधीतरी शंभराला टेकतो, वर जागाच नसते. पण पस्तीसला येऊन थांबणं, ना एक खाली ना एक वर, याला आमच्या बँकेत दिवसअखेर रोकड पहिल्या मोजणीला जुळणं म्हणतात. ते भाग्य माझ्या वाट्याला वीस वर्षांत फार थोड्या वेळा आलेलं आहे.

मी टीव्हीवर आणखी एक हिशेब ऐकला. राज्यात पंचाहत्तरच्या वर गेलेली मुलं पाच लाखांना थोडी कमी, आणि साठ ते पंचाहत्तरच्या मधली त्यांच्याहून थोडी जास्त. म्हणजे आमचे चिरंजीव महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या गर्दीत सुखरूप होते. हे त्याला सांगावं म्हणून मी गॅलरीत गेलो.

तो कठड्याला टेकून उभा होता. मी आकडे सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "बाबा, मला पंच्याण्णव पडणार नव्हतेच. ते मला माहीत होतं. मला फक्त बहात्तर क्रॉस करायचे होते."

मला आधी कळलंच नाही.

"तुम्हाला एका खोलीत सहा जणांत बहात्तर पडले. तेव्हाचे. मला माझी वेगळी खोली, क्लास, एसी. आणि बेस्ट ऑफ फाइव्ह. तरी चाळीस पॉइंटने कमी." एवढं बोलून तो आत गेला आणि बाथरूमचं दार लावून घेतलं. बराच वेळ नळ चालू होता. पाणी कपातीचे दिवस होते, पण कोणी काही बोललं नाही.

रात्री एक वाजता मी कपाट उघडलं. आमचं कपाट गोदरेजचं, सौ.च्या माहेरचं, आणि त्याचं दार उघडताना जो आवाज करतं तो तिच्या माहेरापर्यंत ऐकू जावा. आतल्या तिजोरीत पॉलिसीच्या कागदांखाली एक प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्यात माझी मार्कशीट. १९९६ नंतर ती मी दोनच वेळा बाहेर काढली होती, कॉलेजच्या प्रवेशाला आणि बँकेच्या नोकरीला, आणि दोन्ही वेळा घडी न उघडता पुढे सरकवली होती.

मराठी शंभरपैकी चौसष्ट. हिंदी सत्तावन्न. इंग्रजी सेहेचाळीस. गणित दीडशेपैकी अठ्ठावन्न. विज्ञान दीडशेपैकी चौऱ्याऐंशी. समाजशास्त्र दीडशेपैकी सत्त्याण्णव. एकूण साडेसातशेपैकी चारशे सहा. चोपन्न पूर्णांक तेरा टक्के.

"काय शोधतंस?"

अण्णा दारात उभे होते. मी कागद लपवायला गेलो. शेचाळिसाव्या वर्षी बापापासून दहावीची मार्कशीट लपवणारा माणूस, हे चित्र आपण डोळ्यांसमोर आणून पाहा. अण्णांनी कागद घेतला, चष्मा नव्हता तरी बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "साठ मिया सांगितलंय. वरच्या बाराचो हिशोब तू दी."

आणि मग मला आठवलं. ही उधारी मुळात माझी नव्हती. जूनचे दिवस, पाऊस लागलेला. मी शाळेतून मार्कशीट घेऊन आलो आणि चाळीच्या तोंडाशीच अण्णा भेटले, पहिली पाळी संपवून येत होते. मी कागद पुढे केला. त्यांनी पाहिला, घडी केली, खिशात घातला आणि काही न बोलता कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडे गेले. अर्धा किलो पेढे घेतले. चाळीत पहिल्याच दाराशी विचारणा झाली, "किती?" आणि अण्णा म्हणाले, "साठ." घरात आल्यावर आई म्हणाली, "अहो, चोपन्न ना?" तर म्हणाले, "चोपन्नावर अर्धा किलो पेढे कसे काढणार? पेढ्यांना फर्स्ट क्लास तरी नको?" पुढे महिनाभर कारखान्यातही साठच चालले. त्यांच्या सुपरवायझरच्या मुलाला त्रेसष्ट होते.

साठ अण्णांचे. माझं लग्न ठरताना सासऱ्यांसमोर ते पासष्टच्या घरात गेले असावेत. सौ.ला निदान तसंच आठवतं. चिरंजीव पहिलीत गेले तेव्हा अडुसष्ट. पाचवीत सत्तर. सातवीत बहात्तर, आणि मग तिथे मुदत ठेव केली. मी रात्रीच हिशेब करून पाहिला. चोपन्न पूर्णांक तेराचे एकोणतीस वर्षांत बहात्तर म्हणजे चक्रवाढीने द.सा.द.शे. एक टक्कासुद्धा पडत नाही. बचत खात्यावर याहून जास्त मिळतं. एवढ्याशा दरासाठी माणसाने इतकी वर्षं खोटं बोलावं, हे बँकवाल्याला शोभत नाही.

सकाळी चहाच्या वेळी मी तो कागद चिरंजीवांपुढे ठेवला. म्हटलं, "हे बघ."

त्याने वाचला. परत वरून वाचला. सौ. गॅस बंद करून ओट्याशी उभी राहिली. तिला पासष्टचा धक्का पचवायचा होता.

"गणितात दीडशेपैकी अठ्ठावन्न?"

"हो."

"आणि तुम्ही बँकेत लोकांचे पैसे मोजता?"

"मशीन मोजतं रे."

मला वाटलं होतं, तो हसेल. माझी तशी सगळी तयारी होती, पुढची दोन-तीन विनोदी वाक्यंही मी रात्री जुळवून ठेवली होती. पण तो हसला नाही. कागद टेबलावर ठेवून म्हणाला, "मग मला शिबिराला का नाही जाऊ दिलं?"

त्या वाक्याची माझी तयारी नव्हती. चहावर साय धरली. अण्णांनी यंत्र कानात होतं तरी न ऐकल्यासारखं केलं. चिरंजीव उठले, पायांत चपला सरकवल्या आणि दार ओढून खाली गेले. सौ. म्हणाली, "जाऊ दे, येईल." मी बँकेत फोन करून अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण विचारलं तेव्हा खरं सांगितलं, की मुलाच्या दहावीच्या निकालासंबंधी काम आहे. साहेबांच्या आवाजात एकदम सहानुभूती आली. त्यांना वाटलं, त्याचा निकाल.

तासाभराने बेल वाजली. चिरंजीव आत आले, पलंगाखालून किट बाहेर ओढलं, बॅटवरची धूळ झटकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बेस्ट ऑफ फाइव्ह लावून बघितलं मी."

"कोणाला?"

"तुम्हाला. गणित काढून टाकलं. चारशे सहामधून अठ्ठावन्न गेले, तीनशे अठ्ठेचाळीस. सहाशेपैकी. बरोब्बर अठ्ठावन्न टक्के येतात." जरा थांबून म्हणाला, "फर्स्ट क्लास नाहीच निघत हो बाबा. मी समाजशास्त्र काढून पण बघितलं."

बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये सगळ्यात चांगला विषय काढून टाकत नाहीत हे मी त्याला सांगितलं नाही. गणित आमच्या घराण्यातच कच्चं आहे.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. त्या वर्षीपासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश सबंध राज्याला लागू झाला. दहा कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमाने भरायची. माझ्या वेळी प्रत्येक कॉलेजच्या रांगेत वेगळं उभं राहून वेगळा अर्ज घ्यावा लागे आणि यादी भिंतीवर लागे. छत्री बंद करून यादी पाहावी, तर तेवढ्यात पावसाने आपलं नाव पुसलं आहे की मुळात नव्हतंच, हे कळायचं नाही. आता घरबसल्या कळतं. नव्वदीच्या पलीकडची कॉलेजं आम्ही यादीत वरती घातली, ती शेजाऱ्यांना सांगायला बरी म्हणून. मिळालं ते यादीत बरंच खालचं, मुलुंडहून तीन स्टेशनं. कॉमर्सच. त्या कॉलेजला मैदान आहे हे चिरंजीवांनी अर्ज भरायच्या आधी जाऊन पाहून ठेवलं होतं असं मला नंतर कळलं.

अर्ज भरला त्या रात्री आम्ही तिघे पिढीजात द्वितीय श्रेणीवाले गॅलरीत बसलो होतो. म्हणजे चिरंजीव तसे प्रथम श्रेणीतले, पण मोठ्या मनाने आमच्यात बसले होते. माझ्या मार्कशीटची थट्टा एव्हाना घरात रुळली होती. भाजीवाल्याने सुटे परत दिले की सौ. म्हणे, "मोजून घे रे, बाबांवर राहू नकोस." मी सगळं निमूटपणे सोसत होतो.

चिरंजीवांनी अण्णांकडे मान वळवली.

"आजोबा, तुमच्या वेळी मॅट्रिक अकरावीला होती ना? तुम्हाला किती होते हो?"

अण्णांनी कानातलं यंत्र काढलं, लुंगीच्या टोकाने हळूहळू पुसायला घेतलं आणि समोरच्या टॉवरचे मजले मोजत बसले.